नवं संयुग एमआरएसएवर तपासताना : तांबं, डीएमएसओ आणि ९६ वेलची प्लेट

ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मुलं सहा महिने खपून वीस ट्रायझोल (कड्यात तीन नायट्रोजन असलेले रेणू) बनवतात आणि शेवटच्या आठवड्यात 'ॲक्टिव्हिटी करून द्या', म्हणजे एमआरएसएवर (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू) तपासून द्या, म्हणत मायक्रोबायोलॉजीचं दार ठोठावतात. तिथून मिलिमीटरमधले झोन (अगारवर संयुगाभोवती जिवाणू न वाढलेली वर्तुळं) येतात आणि थीसिसच्या तक्त्यात जाऊन बसतात. या झोनवर विसंबू नका. पाण्यात न विरघळणारा तेलकट रेणू अगारमध्ये पसरतच नाही. त्यामुळे जहाल संयुगाचा झोन लहान येतो आणि नुसतं चांगलं पसरणाऱ्याचा मोठा. तुलना करायची तर एमआयसी काढा, म्हणजे जिवाणूंची दिसणारी वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा.

पण आधी बाटलीत नेमकं काय आहे ते बघा. ट्रायझोल बनवणारी क्लिक रिॲक्शन सोपी आहे : अझाइड आणि अल्काइन, टर्शरी ब्युटेनॉल-पाणी १:१, कॉपर सल्फेट ५ मोल टक्के, सोडियम ॲस्कॉर्बेट १० मोल टक्के, रात्रभर ढवळणं. (सोडियम अझाइड उरलेलं असताना डायक्लोरोमिथेन किंवा आम्ल जवळही आणू नका, धातूचा चमचा वापरू नका. स्फोट होऊ शकतो.) खरी गोम वर्कअपमध्ये, म्हणजे रिॲक्शननंतरच्या धुलाईत आहे. ट्रायझोलचा नायट्रोजन तांब्याला धरून ठेवतो, आणि तांबं स्वतःच जिवाणू मारतं. एथिल ॲसिटेटचा थर ईडीटीएच्या (तांब्याला धरून ओढून घेणारं रसायन) द्रावणाने धूत राहा, पाण्याच्या थरात निळी छटा उतरायची थांबेपर्यंत. मग कॉलमवर शुद्ध करा. पावडर किंचित हिरवट दिसली किंवा एनएमआरमध्ये ट्रायझोलचा प्रोटॉन उगाच रुंद आला, तर टेस्टिंगला देऊ नका. एचपीएलसीवर ९५ टक्के शुद्धता हवीच, पण तिला धातू दिसत नाही, धातू मोजायला आयसीपी-एमएस.

आता ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट. डीएमएसओ या द्रावकात १२.८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक करा आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम जुळवलेल्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये तो १०० पट पातळ करा. पहिल्या वेलमध्ये याचे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्या ते दहाव्यात नुसता ब्रॉथ १०० मायक्रोलिटर. मग १०० मायक्रोलिटर पुढे नेत जा, प्रत्येक वेळी टिप बदला, दहाव्यातले शेवटचे १०० टाकून द्या. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवून ब्रॉथमध्ये १०० पट पातळ करा आणि प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घाला. शेवटी मात्रा ६४ पासून ०.१२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत मिळतात, आणि पेशी दर मिलिलिटरला साधारण ५ लाख. अकरावा वेल वाढीचा कंट्रोल. त्यात पहिल्या वेलइतकाच, म्हणजे ०.५ टक्के डीएमएसओ हवा. बारावा नुसता ब्रॉथ. ३५ अंशांवर १६ ते २० तास.

इनॉक्युलम, म्हणजे घातलेले जिवाणू, मोजायचा कंटाळा करू नका. प्लेट भरल्याबरोबर अकराव्या वेलमधले १० मायक्रोलिटर १० मिलिलिटर सलाइनमध्ये घ्या, त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास कॉलनी दिसायला हव्यात. ५०० दिसल्या तर तुमची एमआयसी फुगलेली असू शकते.

वाचताना सर्वांत जास्त चुका गढूळपणाने होतात. वरच्या दोन-तीन वेलमध्ये गढूळ, मध्ये स्वच्छ, खाली पुन्हा गढूळ असं दिसलं तर वरचं बहुधा संयुगाचा साका असतो, वाढ नव्हे. रिझाझुरिन हा रंग घातला की जिवंत पेशी त्याला निळ्याचं गुलाबी करतात. मात्र थायॉलसारखा गट असलेलं संयुग जिवाणूंशिवायही ते गुलाबी करू शकतं, म्हणून संयुग आणि ब्रॉथ एवढीच एक वेगळी ओळ लावा.

प्रत्येक प्लेटबरोबर ओळखीचं औषध हवंच. एमआयसीसाठी स्टॅफचा दर्जा-नियंत्रण स्ट्रेन एटीसीसी २९२१३ (२५९२३ डिस्कसाठी आहे, इथे गल्लत फार होते), आणि एमआरएसएसाठी ४३३००. २९२१३ वर व्हॅन्कोमायसिनची एमआयसी ०.५ ते २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आली नाही, तर त्या दिवसाची सगळी प्लेट रद्द.

आकडा चांगला आला की लगेच एचईके-२९३ या मानवी पेशींवर तपासा. एमआयसी ४ आणि पेशी ८ लाच मरत असतील, तर ते जंतुनाशक झालं, औषध नव्हे. फिनाईलही एमआरएसए मारतं.

तीन वेगळ्या दिवशी करा. एका वेलचा फरक चालतो, तीन वेलचा आला तर आधी स्टॉक बघा. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं, आणि वारंवार वितळवलेल्या स्टॉकच्या तळाशी संयुग साचतं. म्हणून पहिल्याच दिवशी १०० मायक्रोलिटरच्या छोट्या व्हायल भरून उणे २० ला ठेवा, आणि एकदा उघडलेली परत ठेवू नका.