ॲपमधली चित्रं एकाच हातची कशी वाटतील?

बहुतेक ॲपमध्ये चित्रं गोळा होत जातात. लॉगिनचं फुकटच्या साठ्यातून उचललेलं, दिवाळीचं फ्रीलान्सरनं केलेलं, ‘नेट नाही’चं कुणीतरी घाईत उरकलेलं. म्हणून आधी सगळ्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट एकाच पानावर शेजारी शेजारी लावा. कोणतं चित्र परकं आहे ते लगेच कळतं.

मग आकार ठरवा, आणि मोजकेच. भाषा शिकवणाऱ्या डुओलिंगो ॲपची चित्रं गोल, गोलसर कोपऱ्यांचा आयत आणि गोलसर त्रिकोण या तिघांवर उभी आहेत. आपल्याकडे वारलीत तर टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस होतो. (शिस्त वारलीची घ्या; कर्जाच्या ॲपवर तारपा नाच नको.)

खरी गडबड रेघेत होते. माझीच झाली. ३२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात २ पिक्सेलची रेघ काढली आणि तेच चित्र १२० वर आणलं. रेघ उरली पाऊण पिक्सेल, म्हणजे नुसता धुरकट डाग. तेव्हापासून लहान चित्र वेगळं काढतो: रेघ तेवढीच जाड, तपशील निम्मे.

रंग पाच-सहा पुरेत. लाल फक्त चूक दाखवणाऱ्या सूचनेसाठी राखून ठेवा. अर्थ सांगणाऱ्या भागाचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ३:१ हवा, आणि तो डार्क मोडमध्येही तपासा. काळी बाह्यरेषा तिथे गायबच होते.

माणसं काढताना घाई नको. २०१७ मध्ये बक या स्टुडिओनं फेसबुकसाठी लांब हातापायांची, जांभळ्या-निळ्या कातडीची माणसं घडवली; पुढे तशीच माणसं जिथेतिथे दिसू लागली. तुमचं ॲप दुधाच्या हिशेबाचं असेल, तर दूधवाल्याकडे एकदा नीट बघा. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, हातात माप, खिशात वही. ‘अजून नोंद नाही’ या स्क्रीनला कॅनवर उपडं ठेवलेलं माप पुरतं, माणूसही लागत नाही.

हे सगळं एका पानावर लिहा, सोबत दोन बरोबर आणि दोन चुकलेली चित्रं द्या. ज्यानं तुमच्यासाठी कधीच चित्र काढलेलं नाही अशा चित्रकाराला ते पान देऊन ‘पैसे जमा झाले’चं चित्र मागा. जुन्या चित्रांत ते गुपचूप मिसळा आणि टीमला ओळखायला सांगा. ओळखलंच, तर कशावरून ते विचारा. बहुधा हाताची बोटं किंवा सावली निघते. तो नियम पानावर वाढवा आणि दुसरं चित्र मागवा.