सोलापूरच्या उन्हात घरची जिंजर बिअर : या चुका टाळा

"वहिनी, घरी लागर बिअर करायचं किट मागवू का?" असं धाकट्या दिरांनी मार्चमध्ये विचारलं. मी नको म्हटलं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, हे पहिलं कारण. दुसरं हवेचं. लागरचं यीस्ट १० ते १३ अंशांना नीट काम करतं, आणि पुढे ती कित्येक आठवडे शून्याच्या आसपास ठेवावी लागते. जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणजे साठवणं, त्यावरूनच ते नाव पडलं. आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात रात्री अकरालाही ३४ अंश असतात.

त्यापेक्षा जिंजर बिअर करा. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, बस्स. उन्हातून आल्यावर तो आल्याचा झणका घशाला लागतो तेव्हा बरं वाटतं. मात्र कृतीत लिहिलेले दिवस धरून चालू नका. त्या कृती बहुतेक १८-२० अंशांच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. माझ्या जवळजवळ सगळ्या चुका दिवस मोजण्यातून झाल्या. एकदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, विरजणच आहे ते. कॅलेंडर बघून दही लावतो का आपण?" तेव्हापासून माझी पद्धत बदलली.

विरजण उठतच नाही

विरजणासाठी काचेच्या बरणीत वाटीभर पाणी, दोन चमचे किसलेलं आलं, दोन चमचे साखर. वर फडकं बांधायचं आणि रोज एकेक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. थंडीत, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत याला बुडबुडे यायला पाच-सहा दिवस लागतात. मे महिन्यात दुसऱ्या संध्याकाळीच फेस वर येतो.

येत नसेल तर आधी आल्याकडे बघा. साल काढलीत का? यीस्ट सालीवरच असतं. माती जाईल इतपत धुवा आणि सालीसकट किसा.

मग पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की पिंप, हौद, गच्चीवरची टाकी सगळं भरून ठेवतो, आणि प्यायच्या पाण्यात वरून क्लोरीनचे थेंबही टाकतो. जे क्लोरीन जंतू मारतं, ते यीस्टलाही सोडत नाही. पाणी झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळ उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. 'पूर्ण गार' मुद्दाम सांगते आहे. बाटलीत भरायचा आल्याचा काढा कोमट झाला असं समजून मी एकदा विरजण ओतलं, तो ५० अंशांच्या वर असावा, कारण सगळं यीस्ट मेलं. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणीसुद्धा हाताला चटका देतं, तेही थेट वापरू नका. पातेलं स्टीलचं घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत हे आंबट पाणी क्षणभरही ठेवायचं नाही.

बाटली फुटते

इथे नीट लक्ष देऊन वाचा. माझं प्रमाण दोन लिटर पाणी, ५० ग्रॅम आलं, १६० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि अर्धी वाटी गाळलेलं विरजण. म्हणजे लिटरला ८० ग्रॅम साखर. यीस्टनं एका लिटरमधली ४ ग्रॅम साखर खाल्ली की साधारण एक लिटर वायू तयार होतो. कोल्ड्रिंकसारखी फसफस यायला लिटरमागे साडेतीन-चार लिटर वायू पुरतो. म्हणजे १५-१६ ग्रॅम साखर संपली की काम झालं. उरलेली ६४ ग्रॅम बाटलीतच असते आणि यीस्ट खायचं थांबत नाही. त्या वायूला कुठलीच काच पुरी पडणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी चौकोनी काचेच्या सुंदर बाटल्या आणल्या. कृतीत तीन दिवस लिहिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी फडताळात स्फोट झाला. काचेचा एक तुकडा समोरच्या लाकडी पाटात रुतून बसला होता. पाटावर तेव्हा कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच नशीब. त्यानंतर घरात काच फक्त विरजणाला. गोटी सोड्याच्या जुन्या जाड बाटल्यांचा मोहही नको, वर्षानुवर्षं घासलेल्या काचेचा भरवसा नाही.

सोड्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लॅस्टिक बाटली घ्या, पाण्याची पातळ नको. वर चार बोटं जागा सोडा. मग सकाळ, दुपार, संध्याकाळ ती अंगठ्यानं दाबून बघा. भरताना अंगठा आत जातो, तो जाईनासा झाला आणि बाटली दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात माझ्या घरी याला १२ ते १८ तास लागतात, डिसेंबरात दोन-तीन दिवस.

वेग कमी करायचा असेल तर माठाची युक्ती करा. परातीत पाणी घालून बाटली उभी करा, ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळा आणि टॉवेलचं टोक पाण्यात सोडा. ३८ अंशांच्या खोलीत आतलं पाणी ३० च्या आसपास राहतं, हे मी थर्मामीटर लावून पाहिलं आहे. चवही जास्त स्वच्छ येते. पावसाळी दमट हवेत मात्र याचा फारसा उपयोग नाही.

फ्रीजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त मंदावतं. लाइट चार-पाच तास गेली तर बाटल्या पुन्हा दाबून बघा आणि झाकण किंचित सैल करून वायू सोडा. आठवड्याच्या आत संपवा. उघडताना बाटली रात्रभर गार झालेली हवी, आणि झाकण सिंकवर धरून हळूहळू फिरवायचं.

वास, साय, तार

तळाशी पांढरा साका बसला तर काळजी नको, ते यीस्टच आहे. वर पातळ सुरकुतलेली पांढरी साय आली तर अपाय नाही, पण चव जाते. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र बरणीच रिकामी करा, वरवर काढून भागत नाही. तरंगणारं आलं कोरडं पडलं की बुरशी धरते, म्हणून दिवसातून दोनदा ढवळा. विरजणाला पाकासारखी तार सुटली तरी फेकून द्या. उन्हाळ्यात हे होतं.

यात अल्कोहोलचा थोडा अंश येतोच, आणि जितकी जास्त ठेवाल तितका वाढतो. म्हणून मी लहान मुलांना, गरोदर बाईला आणि उपवासाच्या माणसाला देत नाही, त्यांच्यासाठी आल्या-लिंबाचं सरबत वेगळं करते. पाहुण्यांनाही पेला हातात देण्याआधी सांगते.

बरणीतलं उरलेलं विरजण फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा चमचा-चमचा आलं-साखर घाला. पुढच्या वेळी आदल्या रात्री बाहेर काढलं की सकाळी तयार असतं.