स्वस्त क्लास डी किट ‘ब्रिज’ करण्यापूर्वी

नागपुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायरचा प्रकल्प घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करताना एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो: बर्डीच्या बाजारातून आणलेल्या क्लास डी (आउटपुट झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायर बोर्डाचे दोन्ही चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकच स्पीकर दोघांच्या मध्ये जोडला, तर पॉवर चौपट होईल का? या अपेक्षेचे मूळ टीडीए२०३०सारख्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायर आयसींमध्ये आहे. तिथे एका आयसीला सरळ आणि दुसऱ्याला उलटा सिग्नल देऊन स्पीकर दोघांच्या आउटपुटमध्ये जोडला, की स्पीकरवरील व्होल्टेज दुप्पट होते आणि तात्त्विकदृष्ट्या पॉवर चौपट होते. मात्र त्या वेळी ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक आयसीला ४ ओहमचा भासतो, हे विसरून चालत नाही.

स्वस्त क्लास डी बोर्डांची गोष्ट निराळी आहे. पीएएम८४०३ हा आयसी घ्या किंवा टीपीए३११६, यांचा प्रत्येक चॅनेल आतूनच ब्रिज केलेला असतो. म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके आयसी स्वतः चालवतो. जे आधीच ब्रिज आहे, ते पुन्हा ब्रिज करून व्होल्टेज वाढत नाही.

हे ओळखण्याची सोपी रीत प्रत्येक नवशिक्याने हाताखालून घालावी. वीज बंद ठेवून मल्टिमीटर बीपवर लावावा, एक प्रोब सप्लायच्या ग्राउंडवर आणि दुसरा स्पीकरच्या ऋण टर्मिनलवर टेकवावा. बीप वाजला, तर ते टोक ग्राउंडला आहे आणि ब्रिज करण्याचा विचार करता येतो. आयआरएस२०९२ हा आयसी वापरलेली, दुहेरी (धन आणि ऋण अशा दोन) सप्लायवर चालणारी अनेक बोर्डे या प्रकारची असतात. बीप वाजला नाही, तर बोर्ड बहुधा ब्रिज केलेलाच आहे. सप्लाय दिल्यावर अशा बोर्डाच्या दोन्ही स्पीकर टर्मिनलांवर ग्राउंडच्या तुलनेत साधारण निम्मा सप्लाय दिसतो आणि दोन टर्मिनलांमध्ये जवळजवळ शून्य. त्यामुळेच अशा बोर्डावर दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकत्र करू नयेत आणि प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप स्पीकरच्या तारेला लावू नये. दोन प्रोब घेऊन त्यांतील फरक पाहावा.

टीपीए३११६मध्ये दोन्ही चॅनेल एकत्र आणण्याची सोय आहे, पण ती समांतर जोडणीची. डाव्या चॅनेलचे दोन्ही इनपुट पाय कपॅसिटरशिवाय थेट ग्राउंडला जोडले, की आयसी चालू होतानाच मोनो पद्धत स्वीकारतो. सिग्नल उजव्या इनपुटला द्यायचा, उजव्या चॅनेलची दोन्ही आउटपुट एकत्र करून धन टोक घ्यायचे आणि डाव्याची दोन्ही एकत्र करून ऋण. क्रम महत्त्वाचा आहे. इनपुट ग्राउंड न करता आउटपुट जोडली, तर एकाच चॅनेलची दोन विरुद्ध टोके एकमेकांवर शॉर्ट होतात. स्टिरिओ बोर्डवर इतके बारीक सोल्डरिंग करण्यापेक्षा मुळात मोनो म्हणून बनवलेला बोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ही समांतर जोडणी काय देते? प्रवाहाची क्षमता, व्होल्टेज नव्हे. १२ व्होल्ट सप्लायवर ब्रिज आउटपुटमधून ८ ओहमच्या स्पीकरला विकृतीशिवाय जास्तीत जास्त ९ वॅट मिळतात, कारण १२चा वर्ग भागिले दुप्पट ओहम हा हिशेब आहे. समांतर जोडूनही ते ९च राहतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर तोच आकडा साडेबावीसच्या आसपास जातो. टीपीए३११६च्या निर्मात्याने दिलेले आकडेही हेच सांगतात: २१ व्होल्टवर ४ ओहमला प्रत्येक चॅनेल ५० वॅट, आणि समांतर जोडणीत २ ओहमला १०० वॅट. तुमचा स्पीकर ८ ओहमचा असेल, तर आधी सप्लायकडे पाहा.

सप्लाय वाढवतानाही मर्यादा आहे. या आयसीला २६ व्होल्टच्या आत चालवायचे असते. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफाय केल्यावर लोड नसताना सहज २५ व्होल्टच्या आसपास जातो आणि घरातील वीज थोडी चढली, तरी मर्यादा ओलांडतो. बोर्डावरील कपॅसिटरवर २५ व्होल्ट छापलेले असतील, तर १९ व्होल्टवरच थांबावे. शिवाय मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद डब्यातील हीटसिंकची चाचणी जानेवारीत घेऊन निश्चिंत राहणे योग्य नाही. डब्याला खाली-वर छिद्रे ठेवावीत आणि पूर्ण आवाजावरची चाचणी उन्हाळ्यातील दुपारीच घ्यावी.