तरुण पोरांना सार्वजनिक कामात कसं ओढायचं

"आजकालच्या पोरांना कशाचं काही पडलेलं नाही" असं म्हणणाऱ्यांनी त्या पोरांना शेवटचं काय विचारलं होतं ते जरा आठवून बघा. आपण त्यांना बोलावतो ते खुर्च्या लावायला, बॅनर धरायला नाहीतर फोटोत उभं राहायला, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे वापरून घेणं, शोभेला ठेवणं आणि नावापुरतं घेणं, आणि याला तो सहभाग म्हणतच नाही. आपले बहुतेक कार्यक्रम तिथेच अडकलेले असतात, मीही असे बरेच केलेत.

तर सुरुवात अशी करा.

१. पाच-सात जण पुरे. त्यांच्याबरोबर आसपास एक चक्कर मारा, ज्याला जे खटकेल ते त्याने लिहायचं. मग त्या यादीतून एकच गोष्ट त्यांनीच निवडायची. तुम्हाला ती फालतू वाटली तरी गप्प बसायचं. फक्त एवढं बघा की महिना-दोन महिन्यांत झालं की नाही ते कळेल. "पर्यावरण वाचवा" असला विषय घेतला की पोस्टर निघतं आणि सगळे घरी जातात.

२. तक्रार करायच्या आधी मोजायला लावा. ही पायरी सगळे गाळतात आणि खरी मजा इथेच आहे. समजा सार्वजनिक नळ गळतोय. एक लिटरची बाटली खाली धरायची आणि मोबाईलवर टायमर लावायचा. चार मिनिटांत भरली तर तासाला 15 लिटर, दिवसाला 360 लिटर. आकडा स्वतः काढला की पोरं जी पेटतात ना, ते कुठल्याही भाषणाने होत नाही, आणि समोरच्यालाही "बघू" म्हणून टाळता येत नाही.

३. हे काम नेमकं कुणाचं ते त्यांनाच शोधू दे. मग एका पानाचा अर्ज: काय, कुठे, कधीपासून, आम्हाला काय हवंय. खाली तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच.

४. ऑफिसात बोलायचं त्यांनी, तुम्ही मागे बसा. सोपं वाटतं पण नाहीये. एकदा प्रश्न विचारत होती पंधरा वर्षांची मुलगी आणि साहेब उत्तरं देत होते माझ्याकडे बघून! मी मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत बसलो, शेवटी त्यांना तिच्याकडे वळावंच लागलं. (अठराच्या आतल्यांना कुठे नेणार असाल तर घरी आधी सांगा, वेगळं सांगायला नको.)

५. लीडर एकच नको. जो जास्त बोलतो तोच कायम पुढे जातो आणि बाकीचे हळूहळू यायचे बंद होतात. दर मीटिंगला चालवणारा बदला. एखादा अजिबात बोलत नाही पण हिशोब चोख ठेवतो, त्याच्याकडे पैसे द्या. हो, पैसे पण द्या, थोडे का होईना, आणि कशावर खर्च करायचे ते विचारू नका. बॉस्टन शहराने 2014 मध्ये 12 ते 25 वयाच्या मुलांना तब्बल 10 लाख डॉलर कुठे खर्च करायचे ते मतदानाने ठरवू दिलं, आपण दोन ब्रश आणि रंगाच्या डब्यासाठी सह्या मागतो.

६. काम अडलं की तुमचा हात फोनकडे जाईल, ओळखीच्या माणसाला सांगून पाच मिनिटांत होईल म्हणून. नका करू. नकार आला तर कारण लेखी मागायला सांगा आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते त्यांना बसून ठरवू द्या. सर्टिफिकेटचं आमिष तर नकोच, त्यासाठी आलेली पोरं सर्टिफिकेट मिळाल्यावर दिसत नाहीत.

दुसरं काम हातात घेतील तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद त्यांच्यातल्या कुणालातरी द्या आणि स्वतःचं काढून टाका. पहिले काही दिवस ग्रुपवर नुसता गोंधळ असेल, तीनदा वेळ बदलेल, कुणीतरी रुसून लेफ्ट होईल. तुम्ही मेसेज टाईप कराल, मग डिलीट कराल.