एडिनबरात स्कॉटिश कंट्री डान्स शिकताना: 'नीडपाथ कॅसल'पर्यंतची वाट

एडिनबरात शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते: पहिल्याच टर्मला स्कॉटिश कंट्री डान्सच्या वर्गात नाव घाला. जोडीदार सोबत न्यावा लागत नाही, दर नाचाला नवा मिळतो. मऊ तळाचे, पायात घट्ट बसणारे बूट असले की झालं. या नाचाचे खास लेसवाले बूट, म्हणजे घिली, नंतर घ्या.

वर्गात जिग, रील आणि स्ट्रॅथस्पे असे तीन प्रकार भेटतात. पहिले दोन झपाझप चालतात आणि नवखी मंडळी त्यांतच रमतात. माझ्या मते खरा कस लागतो तो संथ स्ट्रॅथस्पेमध्ये. उजवं पाऊल पुढे, डावं त्याच्या मागे आणून टेकवायचं, पुन्हा उजवं पुढे आणि मग डावा पाय गुडघ्यात किंचित वाकवून सावकाश पुढे ओढायचा. हा शेवटचा ओढा घाईत उरकला की नाच तुटक दिसतो. घरच्या कॉरिडॉरमध्ये रोज थोडा वेळ एवढंच घोटा.

मला सर्वांत प्रिय असलेला 'नीडपाथ कॅसल' हा स्ट्रॅथस्पेच. पीबल्स गावाबाहेर, ट्वीड नदीवर उभ्या असलेल्या जुन्या मनोऱ्यासारख्या गढीचं नाव त्याला दिलंय. १४व्या शतकात 'हे' (Hay) आडनावाच्या घराण्याने ती बांधली, १६५०मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या तोफा तिच्यावर चालल्या. १७९५मध्ये क्वीन्सबरीच्या चौथ्या ड्यूकने भोवतालची झाडं तोडून टाकली, त्याबद्दल पुढे १८०३मध्ये इंग्रजी कवी वर्ड्‌स्वर्थने त्याला सुनीतातून खडसावलं. एडिनबराहून पीबल्सला थेट बस जाते. तिथून नदीकाठाने, प्रवाहाच्या उलट दिशेला चालत गेलं की गढी दिसते. नाच शिकल्यावर एकदा जाऊन याच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संगीत आठ-आठ बारांच्या (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) तुकड्यांत चालतं आणि आकृत्याही, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या रचनाही, त्यातच बसवलेल्या असतात. उजवे हात मध्ये धरून चक्र घ्यायला चार बार, डाव्या हातांनी परत यायला चार. आठव्या बारला तुम्ही आपल्या जागी हवेत. पाऊल थोडं चुकलं तर सेट, म्हणजे एकत्र नाचणाऱ्या जोड्यांचा गट, सांभाळून घेतो. तुम्ही उशिरा पोचलात, तर मात्र पुढच्या जोडीचा हात हवेत राहतो. म्हणून आधी कान तयार करा. बसमध्ये स्ट्रॅथस्पे ऐकत आठ-आठ मोजत राहा. आपली पाळी नसतानाही उभ्या जागी लक्ष हवं, कारण पहिली जोडी खाली सरकते तेव्हा दुसरीला वर जावं लागतं.

१९२३ साली ग्लासगोत स्थापन झालेल्या संस्थेने (आजची रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी) हे नाच लिहून ठेवले, शिकवण्याची पद्धत ठरवली. आज तिच्या शाखा लंडन, टोरंटो, टोकियोपर्यंत आहेत. शिक्षण संपून त्या शहरांत नोकरी लागली, तर तिथल्या शाखेत सरळ जा. आकृत्यांची नावं तीच, नाचही तेच. आठवड्याभरात ओळखीचे चेहरे होतात.