ऊसतोड कुटुंबांसाठी निसर्गफेरी कशी आखावी
बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि बहुधा मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणून आईवडिलांसह निसर्गफेरी काढायची असेल, तर ती पोळा ते दसरा या काळातच, मजुरी बुडणार नाही असा दिवस पाहून आखावी. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यात जायचे झाल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी आणि पहाटेच निघावे, कारण ऊन चढल्यावर मोर झुडपांत शिरतात. आपणच माहिती सांगत सुटू नये. बाभूळ, पळस, बोर यांची ओळख आजी-आजोबांकडून करून घ्यावी, ती त्यांना आपल्यापेक्षा बरीच अधिक असते. दुर्बीण नसली तरी चालते, मात्र अनवाणी मुलांसाठी चपलांची सोय आधीच करावी. गावी मागे राहिलेल्या मुलांना हिवाळ्यात जायकवाडीचे स्थलांतरित पक्षी दाखवावेत.