बिअरच्या बाटलीला मेणाची टोपी

पहिल्या वेळी मी घरात उरलेल्या मेणबत्त्या वितळवल्या आणि त्यात बिअरच्या बंद बाटल्यांची तोंडं बुडवली. दिसायला झकास. पण उघडायला ओपनर लावला की मेणाचा भुगा व्हायचा आणि निम्मा ग्लासात पडायचा. नुसतं मेण ठिसूळ असतं, हे त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी मेणात ग्लू गनच्या (वितळवून चिकटवायच्या गोंदाच्या) कांड्या घालतो. तीन भाग मेण, एक भाग कांड्या, दोन्ही बारीक कापून. रंगासाठी कागद काढलेले दोनतीन मेणखडू. हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालायचं आणि डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. मेण लवकर वितळतं, कांड्या मात्र रेंगाळतात. अर्धा तास काडीने ढवळत बसायची तयारी ठेवा. डबा थेट आचेवर ठेवायचा मोह आवरा. फार तापलेलं मेण पेट घेतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका उडतो. झाकण टाकून ते विझवायचं आणि गॅस बंद करायचा.

मिश्रण जमलं का, ते बघायला थंड चमच्यावर एक थेंब टाकतो. गार झाल्यावर सोलून वाकवायचा. कटकन तुटला तर आणखी कांडी हवी. रबरासारखा ताणला गेला तर मेण वाढवा, नाहीतर ओपनर त्यात रुतून बसेल.

आता बाटलीकडे. आतला गॅस धरून ठेवते ती क्राउन कॅप, म्हणजे बाटलीचं दातेरी पत्र्याचं झाकण. मेण फक्त झाकणाच्या कडेने आत शिरणारी हवा थोडी रोखतं, म्हणून कॅप नीट दाबून बसलेलीच हवी. वर्षभर मुरवायची कडक स्टाउट किंवा बार्लीवाइन (दोन्ही जड, कडक बिअरचे प्रकार) असेल तर मेणाचा खटाटोप सार्थकी लागतो. ताज्या हॉप्सची (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांची) आयपीए ही बिअर महिन्याभरात संपवायची, तिला मेण म्हणजे नुसता नट्टापट्टा. (भेट द्यायची असेल तर मीही करतो.)

बाटलीत साखर घालून गॅस तयार करत असाल तर दोनतीन आठवडे थांबा, एक बाटली उघडून गॅस झालाय ना बघा, मगच मेण लावा. बाटल्या खोलीच्या तापमानाला असाव्यात, मान कोरडी ठणठणीत. एकदा मी घाईत फ्रिजमधून काढलेल्या बाटल्या बुडवल्या. काचेवर दव धरलं होतं, दुसऱ्या दिवशी टोप्या अख्ख्याच्या अख्ख्या निघाल्या. शिवाय गार काच गरम मेणात घातली की तडकायची भीती.

बाटली उलटी धरून तोंड दोनतीन सेंटिमीटर बुडवा, दोन सेकंदांत वर काढा आणि उलटी असतानाच सावकाश फिरवत राहा, म्हणजे जादाचं मेण डब्यात गळतं. मानेवरून खाली येणारे ओघळ हवे असतील तर लगेच सरळ करा. थर पातळ वाटला तर मिनिटभराने पुन्हा एकदा. जाड थराचा हव्यास नको: उघडताना ओपनर मेणावरूनच झाकणाच्या कडेत घुसला पाहिजे. ओतण्याआधी बाटलीचं तोंड फडक्याने पुसायचं.

उरलेलं मेण डब्यातच गोठू द्या, पुढच्या खेपेला तोच डबा परत पाण्यात ठेवता येतो. मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. आमच्या घरी ते पातेलंही आता कायमचं माझ्या नावावर झालंय. बायको त्याला हात लावत नाही.